चित्र कळमनुरीपर्यंत कसे पोहोचले

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या मुलाला चित्रकलेची ओढ असेल, तर त्याने चांगले चित्र पाहावे कोठे? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे. आज उत्तर सोपे वाटते: खिशातल्या फोनवर. शिक्षक व्हॉट्सअॅपच्या गटावर चित्र टाकतात, मुले इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्ट चाळतात, आणि काढलेल्या चित्राचा फोटो संध्याकाळपर्यंत गुरुजींच्या हाती पडतो. हे सारे नवे आहे असे आपण धरून चालतो. परंतु चित्राची प्रतिमा दूरदेशी पाठवून तिच्यावरून चित्रकला शिकवण्याचा उद्योग आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात मराठवाड्याच्याच मातीत झाली.

आधी थोडा भूगोल. कळमनुरी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा होण्यापूर्वी ती परभणी जिल्ह्यात होती, आणि सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. अजिंठ्याची लेणीही त्याच संस्थानात होती. म्हणजे भारतीय चित्रकलेचा सर्वांत मोठा ठेवा आणि कळमनुरी एकाच राजवटीखाली नांदत होती. तरीही अजिंठ्याच्या चित्रांची प्रतिमा कळमनुरीच्या आधी लंडनला पोहोचली, तीही एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा ती तिथे आगीच्या भक्ष्यस्थानी पडली.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, हे सर्वश्रुत आहे. चित्रांची नक्कल करण्याचे काम मात्र पाव शतकाने सुरू झाले. १८४४ साली मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची त्या कामी नेमणूक झाली. हाच तो गिल, ज्याच्या आणि पारोच्या कथेवर ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि ज्याच्यावर २०१२ साली मराठी चित्रपट निघाला. त्या प्रेमकथेमुळे त्याचे मूळ काम आपल्या नजरेआड झाले आहे, असे मला नेहमी वाटते. अंधाऱ्या लेण्यांत, वटवाघळांच्या सान्निध्यात, आजारपणे सोसत या माणसाने वर्षानुवर्षे भिंतीवरची चित्रे तैलरंगांत उतरवून घेतली. त्या प्रती विलायतेस गेल्या आणि लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि गिलच्या आयुष्यभराच्या श्रमांतल्या मोजक्या प्रती सोडल्या तर बाकी साऱ्या जळाल्या. गिलचे थडगे आज भुसावळला आहे.

गिलने आणखी एक काम केले होते आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. त्याने कॅमेरा हाती घेतला. दोन भिंगांनी टिपलेली जोडचित्रे विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली की दृश्याला खोली येते. अशी त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाली. लेण्यांचे खांब, चैत्य, मूर्ती यांत छान उतरल्या. भिंतींवरची रंगचित्रे उतरणे त्या काळच्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते, कारण लेण्यांत उजेड नव्हता आणि छायाचित्रात रंग नव्हता. त्यामुळे चित्रांसाठी पुन्हा कुंचलाच लागणार होता.

तो कुंचला मुंबईहून आला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच पुढची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५ साली तिथे लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक विलायतेहून आले. (‘जंगल बुक’कार रुडयार्ड हा या किपलिंगचाच मुलगा. त्याचा जन्म त्याच वर्षी मुंबईत झाला.) या शाळेत शिकवण्याची जी रीत होती ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. विद्यार्थ्याने प्रथम छापील नमुन्यावरून केवळ बाह्यरेषा उतरवायची. त्यात हात बसला की प्लॅस्टरच्या पुतळ्यासमोर बसायचे, मग छायाप्रकाश शिकायचा, आणि सर्वांत शेवटी जिवंत माणूस पाहून काढायचा. छापील नमुना युरोपातून येई, प्लॅस्टरचे ग्रीक-रोमन देव बोटीने येत. मुंबईच्या मुलाने पहिली रेषा काढायची ती दुसऱ्याने दुसऱ्या देशात काढून छापलेल्या रेषेवरून. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

ग्रिफिथ्सने १८७२ पासून आपले विद्यार्थी अजिंठ्याला न्यायला सुरुवात केली. १८८५ पर्यंत, मधल्या खंडांसह, हे काम चालले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार या कामात विद्यार्थी म्हणून होते. सुमारे तीनशे प्रती तयार झाल्या. मराठी भूमीवर चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रासमोर बसून केलेला हा पहिला मोठा अभ्यास. प्लॅस्टरच्या देवांवर हात बसवलेल्या मुलांनी पद्मपाणीच्या भुवईची रेषा काढताना काय अनुभवले असेल, याची कल्पना करता येते. त्यांची रेषा छायाप्रकाशाने घडवलेल्या देहाची होती, अजिंठ्याची रेषा देहाला नुसत्या वळणाने उठाव देणारी. ग्रिफिथ्सच्या प्रती पाहिल्या की ही ओढाताण दिसते. चेहरे थोडे अधिक गोलाईदार, थोडे अधिक विलायती झाले आहेत.

या कामाला एक काळी बाजू आहे. शतकानुशतकांच्या धुळीने मळकटलेली चित्रे नीट दिसावीत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर वार्निशचा हात फिरवला. त्या वेळी रंग उजळले, पण काही वर्षांत वार्निश पिवळे पडून काळवंडले, आणि ते काढण्यासाठी पुढच्या पिढ्यांतील पुरातत्त्व रसायनतज्ज्ञांना कष्ट उपसावे लागले. प्रतिमा चांगली यावी म्हणून मूळ वस्तूला इजा करणे हे तेव्हा सुरू झाले. आज लेण्यात फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, ती का, हे समजावताना मुलांना हा इतिहास सांगावा.

प्रती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला गेल्या. १८८५ साली तिथल्या साठवणीत आग लागली आणि शंभराहून अधिक प्रती नष्ट झाल्या. मग १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचे दोन खंड प्रसिद्ध झाले आणि अजिंठ्याची चित्रे पुस्तकाच्या पानावर आली. ते खंड कळमनुरीला कोणी पाहिले असतील असे नाही. ते मोठ्या ग्रंथालयांचे आणि श्रीमंत संग्राहकांचे धन होते.

विसाव्या शतकात हैदराबाद संस्थान स्वतः जागे झाले. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या पुन्हा प्रती केल्या. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार असे तरुण आले, आणि हैदराबादहून सय्यद अहमद. नंदलाल अजिंठा मनात साठवून बंगालला परतले, आणि मराठवाड्यातली रेषा शांतिनिकेतनच्या कलाशिक्षणात भिनली. १९१४ साली निजामाचे पुरातत्त्व खाते निघाले. गुलाम यझदानी त्याचे प्रमुख. त्यांनी इटलीहून तज्ज्ञ आणवून चित्रांची डागडुजी करवली, आणि १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरचा चार भागांचा ग्रंथ छायाचित्रांसह सिद्ध केला. अजिंठ्याच्या प्रती हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील संग्रहालयातही लागल्या. मराठवाड्याच्या मुलाला अजिंठा पाहायचा तर एक तर लेण्यांपर्यंत प्रवास करायचा, नाहीतर राजधानीत जाऊन प्रत पाहायची. दोन्ही ठिकाणे कळमनुरीहून शेकडो किलोमीटरवर.

मग गावात प्रत्यक्ष कोणती चित्रे पोहोचली? दगडावर छापलेली. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, पेशव्यांची रंगीत शिळाछापील चित्रे घराघरांत नेली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि प्रत्येक दगडावर चित्र उलटे काढावे लागते. रविवर्म्याच्या तैलचित्रातील अंगकांतीच्या असंख्य छटा अशा ठरावीक दगडांत बसवताना कारागिराला निवड करावी लागे: ही छटा राहील, ही जाईल. गावातल्या मुलाने जी सरस्वती पाहिली ती त्या कारागिराने निवडलेली सरस्वती होती. मूळ चित्र त्याला कधी दिसायचे नव्हते, तेव्हा काय गेले हे त्याला कळायचेही नव्हते.

तरी या चित्रांनी एक अनौपचारिक कलाशाळा चालवली, हे मान्य केले पाहिजे. चित्रावर चौकटी आखायच्या, भिंतीवर किंवा कापडावर त्याच प्रमाणात मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक घर भरत जायचे. देवळांच्या भिंती, नाटकांचे पडदे, दुकानांच्या पाट्या, पुढे सिनेमाची पोस्टरे रंगवणारे कितीतरी पेंटर या रीतीने घडले. त्यांचा गुरू कॅलेंडर होता.

मासिकांनी पुढचे पाऊल टाकले. कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे. मध्ये विद्यार्थी झाले, तिथेच शिक्षक झाले आणि पुढे संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली. पण महाराष्ट्राला ते ठाऊक झाले ते छापील चित्रांतून आणि मुंबईतील माणसांच्या पोस्टकार्डांतून. एका पैशाच्या टपालावर चित्र गावोगावी जाते, ही कल्पना आजच्या फॉरवर्डच्या फार जवळची आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. १९४५ साली मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल यांनी ‘दीपावली’ काढला, तेव्हा चित्र हे दिवाळी अंकाचे अलंकरण न राहता त्याचे आकर्षणच झाले. मराठी घरांत या अंकांची मुखपृष्ठे कापून जपली जात. चित्रकलेच्या अनेक शिक्षकांची कात्रणांची वही हीच त्यांची संदर्भशाळा होती. पिंटरेस्टचा फलक आणि कात्रणांची वही यांत तत्त्वतः अंतर नाही. वही मात्र भरली की थांबत असे.

एव्हाना राजवट बदलली होती. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. मुंबईच्या परंपरेतील रेखाकला परीक्षा, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, मराठवाड्यातील शाळांत रुळल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. ज्यांनी त्या दिल्या आहेत त्यांना घागर, पेला आणि वांगी यांची ती मांडणी आणि घड्या घातलेले पाठीमागचे कापड आठवत असेल. या परीक्षेचा एक गुण सहसा कोणी बोलून दाखवत नाही. तिने छापील नमुन्यावरून नक्कल करण्याच्या जुन्या रीतीतून मुलांना समोरच्या वस्तूकडे वळवले. घागर कळमनुरीची, उजेड कळमनुरीच्या खिडकीतला. स्मरणचित्रात तर आठवडी बाजार, पोळा, नाहीतर विहिरीवरचे दृश्य. तिथे विलायती नमुना कामाचाच नव्हता.

पण या रीतीला एक माणूस लागतो. विद्यार्थ्याच्या पाठीमागे उभा राहून, त्याला क्षणभर बाजूला करून, कागदाच्या कडेला दोन रेषांत चूक दाखवणारा. घागरीच्या तोंडाची लंबवर्तुळ रेषा टोकांना टोकदार होत नाही, ती तिथेही वळते, हे वाचून समजत नाही. कोणीतरी काढून दाखवावे लागते. आणि तो माणूसच आता दुर्मीळ झाला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीत पट शंभरापेक्षा जास्त असेल तरच कलाशिक्षणासाठी निदेशक मिळतो, तोही अंशकालीन. लहान गावांच्या शाळांत एवढा पट बहुधा नसतो. तिथे चित्रकलेचा तास वर्गशिक्षक घेतात, आणि गणित-भाषेचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला तास जातो तो चित्रकलेचाच.

या पोकळीत फोन आला. फ्लिकर हे छायाचित्रे ठेवण्याचे संकेतस्थळ २००४ चे, व्हॉट्सअॅप २००९ चे, इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्ट २०१० चे. पण खेड्यांतल्या घराघरांत ती पोहोचली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यावर. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्गाच्या नावाने व्हॉट्सअॅपचे गट तयार झाले. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला याच मार्गाने पालकांच्या फोनवर जात होती. त्या वर्षी रेखाकला परीक्षाही नेहमीप्रमाणे झाल्या नाहीत. चित्रकलेच्या शिक्षकांपुढे मग एकच वाट उरली: मुलाने चित्र काढायचे, घरातल्या कोणाकडून त्याचा फोटो काढून घ्यायचा आणि गटावर टाकायचा.

इथे इतिहासात प्रथमच एक गोष्ट घडली. गिलपासून दलालांपर्यंत प्रतिमा एकाच दिशेने वाहत आली होती. लंडनहून मुंबईला, मुंबई-पुण्याहून खेड्याला. खेड्यातल्या मुलाने काढलेले चित्र बाहेर जाण्याचा मार्ग परीक्षेच्या उत्तरपत्रिकेखेरीज नव्हता, आणि ती उत्तरपत्रिका परत येत नसे. आता मुलाचे चित्र निघाले, काही क्षणांत पोहोचले, आणि उत्तर घेऊन परतले. शिक्षकाने त्याच फोटोवर बोटाने लाल रेष ओढून घागरीचे तोंड दुरुस्त केले, सोबत आवाजी निरोप पाठवला. कागदाच्या कडेला दोन रेषा काढणारा तो जुना हात यात अंशतः परतला. ही गोष्ट लहान नाही. ज्या गावात एटीडी झालेला शिक्षकच नाही, तिथल्या मुलाला नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या चित्रकाराचे दोन शब्द मिळू शकतात.

पण रविवर्म्याच्या छापखान्यातील कारागीर फोनमध्येही बसलेला आहे, हे विसरून चालणार नाही. फक्त तो आता दिसत नाही. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो आकसवते. पेन्सिलीची हलकी छटा, कागदाचा पोत, जलरंगातला एका रंगातून दुसऱ्यात शिरणारा ओलावा या साऱ्या नाजूक गोष्टी त्यात आधी जातात. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरा कागद हळदुल्या रंगाचा दिसतो आणि निळा रंग मळतो. शिक्षक म्हणतात रंग मळकट झाला, आणि मूल गोंधळते, कारण त्याच्या कागदावर तो मळकट नाही. फोन तिरपा धरला की चौकोनी टेबल पुढे रुंद आणि मागे अरुंद होते, आणि यथादर्शनाची चूक मुलाची की फोनची हे कळेनासे होते. ज्या शिक्षकांनी हे ओळखले ते साधे नियम सांगतात: कागद सकाळच्या उजेडात ओट्यावर सपाट ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका, फोन बरोबर वरून धरा, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो आकसत नाही. २०२३ पासून व्हॉट्सअॅपमध्ये अधिक स्पष्ट फोटो पाठवण्याची सोय झाली आहे, पण त्याला डेटा जास्त लागतो, आणि खेड्यात तो अजूनही मोजून वापरला जातो.

इन्स्टाग्रामने २०१५ पर्यंत प्रत्येक चित्र चौरसात बसवायला लावले. चौरस हा एक आकार आहे, त्यात वाईट काही नाही. परंतु अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातक पाहावे. तिथे चौकटी नाहीत. राजवाडा, रस्ता, वन असे एकेक प्रसंग खांब आणि झाडे यांच्या आडोशाने एकमेकांत मिसळत भिंतीभर वाहतात, आणि पाहणाऱ्याने चालत चालत ते वाचायचे असतात. ग्रिफिथ्सनेही ही भिंत कापडाच्या मापाने कापली होती. फोनने तिचे आणखी लहान तुकडे केले. मुलाला देखणे चेहरे मिळतात, कथा मिळत नाही. फोनवर अजिंठा शिकवणाऱ्याने निदान एकदा तरी मुलांना आडवी लांब पट्टी देऊन, चौकटी न आखता, आपल्या गावातली एखादी घटना रंगवायला सांगावी.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. साउथ केन्सिंग्टनचा छापील नमुना परत आला आहे. ‘सोपे निसर्गचित्र’ असे शोधले की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि नारळाचे झाड असलेली शेकडो चित्रे समोर येतात, आणि मूल त्यातले एक उतरवते. कयाधूच्या काठी नारळाची रांग कोणी पाहिली? तिथे बाभळी आहेत, उन्हाळ्यात उघडे पडलेले वाळूचे पात्र आहे, सोयाबीन आणि हळदीची शेते आहेत. हिंगोली जिल्ह्यातले मूल हळद उकळताना आणि अंगणभर वाळताना पाहत मोठे होते; त्या पिवळ्या रंगाच्या छटा त्याच्याइतक्या कोणाला ठाऊक असणार? पण ते चित्र फोनवर तयार मिळत नाही, म्हणून काढले जात नाही. ज्या परीक्षेने मुलाला विलायती नमुन्यावरून उठवून घागरीसमोर बसवले होते, त्याच मुलाला फोनने पुन्हा नमुन्यासमोर बसवले. दोष फोनचा म्हणावा की ‘हे बघून काढा’ असे सांगून मोकळे होणाऱ्या आपला, हे ज्याने त्याने ठरवावे.

हेच साधन उलटे धरता येते, आणि त्याचा जुना आधार आहे. जर्मनीत हाइनरिख वोल्फ्लिन हे कलेतिहासाचे प्राध्यापक एकाच वेळी दोन दिव्यांनी दोन चित्रे शेजारी शेजारी पडद्यावर टाकून शिकवत. विद्यार्थ्याला सांगावे लागत नसे, फरक त्याला दिसे. फोनवर हे विनाखर्च जमते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी केलेली प्रत, हेरिंगहॅमच्या चमूची प्रत, यझदानींच्या ग्रंथातले छायाचित्र, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी मंद उजेडात, फ्लॅशविना, दीर्घ काळ भिंग उघडे ठेवून टिपलेले छायाचित्र: ही चार चित्रे एका गटावर एकाखाली एक टाकावीत आणि विचारावे, ओठ कोणाचे वेगळे? त्वचेचा रंग कोठे बदलला? चारांपैकी एकही ‘खरे’ नाही, प्रत्येकात कोणाची तरी नजर आहे, हे आठवीतल्या मुलाला अर्ध्या तासात कळते. मग त्याने त्याच संध्याकाळी आपल्या आजीचा चेहरा काढावा, आणि बाजूला आजीचा फोटो ठेवून दोन्ही पाठवावे. काय सोडले, काय ठेवले, हे आता तोच सांगेल.

औंढा नागनाथाचे मंदिर याच जिल्ह्यात आहे. त्याच्या बाह्यांगावरील मूर्तींच्या रांगा म्हणजे दारातली शिल्पशाळा आहे, प्लॅस्टरच्या ग्रीक देवांहून कितीतरी जवळची. मुलांनी तिथे जाऊन एकाच मूर्तीचे सकाळी, दुपारी आणि सांजेला फोटो घ्यावेत, गटावर एकत्र करावेत आणि सावली कशी फिरते ते त्यावरून रेखाटावे. छायाप्रकाश शिकवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

एक सावधगिरी येथेच सांगून टाकतो. मुलाचे चित्र सार्वजनिक पानावर टाकताना त्याचा चेहरा, पूर्ण नाव आणि शाळा सोबत टाकण्याची हौस अनेकांना आवरत नाही. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखालील मुलांचे खातेच चालत नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. चित्र आणि चित्र काढणारा हात, एवढे पुरे आहे. शिवाय ‘लाइक’ मोजण्याची सवय लागली की मूल पुढचे चित्र काढताना घागरीकडे पाहत नाही, मागच्या चित्राच्या आकड्याकडे पाहते. बंद गट या बाबतीत बरा.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. दोन आगींतून वाचलेल्या गिलच्या आणि ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या प्रती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांची छायाचित्रे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, आणि चित्रासोबत तिथे त्याची लांबी-रुंदीही सेंटिमीटरमध्ये नोंदलेली असते. फोनवर पद्मपाणी चार बोटांएवढा दिसतो. भिंतीवर तो माणसाहून मोठा आहे. शाळेच्या व्हरांड्यात टेप धरून, नोंदलेल्या मापाचा आयत खडूने आखायला दहा मिनिटे लागतात. मुलांना त्या आयताच्या कडेने उभे करावे, फोन हातोहात फिरवावा, आणि त्या चेहऱ्याची भुवई एवढ्या जागेत कोठून कोठपर्यंत जाईल ते प्रत्येकाला खडूने काढून दाखवायला सांगावे.